कधी सुरू होतो, कधी नाही असा मदरबोर्ड: रिपेर करावा, तसाच दुसरा घालावा की सगळा सेटच नवीन घ्यावा?

एक दिवस डेस्कटॉप एका बटणात सुरू होतो, दुसऱ्या दिवशी पंखे फिरतात, लाइट लागते पण मॉनिटर काळाच्या काळा, आणि मग तीन-चारदा बंद-चालू केलं की काही झालंच नाही अशा थाटात सरळ विंडोज उघडतं. बोर्ड पूर्ण गेला तर निर्णय लगेच होतो, पण हा अर्धवट आजारी बोर्ड लोक महिनोन्‌महिने ओढत राहतात आणि तो नेमका फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला, नाहीतर चवथीच्या आदल्या दिवशी दुकानं बंद व्हायच्या वेळेला हात वर करतो. पाऊस लागला की गोव्यातल्या फोंडा, डिचोली, साखळीकडच्या ओळखीच्या लोकांचा मला हाच फोन येतो, यात आता पैसे घालू का नको, आणि घालायचे तर कशात.

वाटा तीनच. बोर्ड चिप लेव्हलला, म्हणजे त्यावरचा बिघडलेला सुटा पार्ट बदलून, रिपेर करून घ्यायचा, त्याच सॉकेटचा (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) दुसरा बोर्ड घालायचा, किंवा बोर्ड-प्रोसेसर-रॅम असा अख्खा सेट बदलायचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची असेल तर त्या बोर्डावर मोठा खर्च करू नका. रॅम डीडीआर४ आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, किंवा एएमडीचा रायझन २००० सिरीज आणि पुढचा, तर त्याच सॉकेटचा दुसरा बोर्ड हाच बहुतेक वेळा बरा सौदा. आणि रिपेरला हो तेव्हाच म्हणा जेव्हा समोरचा माणूस बिघडलेल्या पार्टचं नाव घेऊन सांगतो की हा गेलाय. पण त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते बहुतेक जण करत नाहीत.

आधी बोर्डच दोषी आहे का ते बघा

कधी चालू कधी बंद अशा मशीनमध्ये बोर्डावर आळ येतो खरा, पण दोष बऱ्याचदा पॉवर सप्लायचा, रॅमच्या कॉन्टॅक्टचा किंवा चक्क कॅबिनेटच्या बटणाचा निघतो. बटणाचं तर आपल्याकडे खासच आहे. मिरामार, वास्को, कळंगुट, जिथे जिथे खारी हवा घरात येते तिथे त्या बटणामागचा छोटासा स्विच आतून गंजतो आणि दाबलं की अडकून बसतो. आता पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं हे आपल्याला माहीत आहे, मग अडकलेलं बटणही तेच करतं, पीसी चालू होतो आणि चार सेकंदांत बंद पडतो, लोक म्हणतात बोर्ड शॉर्ट झाला. बघायचं कसं, तर फ्रंट पॅनलची पॉवर स्विचची वायर बोर्डावरून उपटा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं तर दोष बटणाचा. रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावा, एक पैसा खर्च न करता काम झालं.

दुसरी खूण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली. पॉवर दाबल्यावर पंखे फिरताहेत, डिस्प्ले नाही, पण तसंच चालू असताना रीसेट दाबलं की लगेच बूट होतो, असं असेल तर बोर्डाआधी पॉवर सप्लायवर संशय घ्या. सप्लाय सुरू झाल्यावर त्याचे व्होल्टेज स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो आणि स्थिर झाले की तो करड्या वायरीवरून बोर्डाला पॉवर गुड नावाचा सिग्नल देतो. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) म्हातारे झाले की व्होल्टेज उशिरा आणि लडखडत चढतात, प्रोसेसर अर्धवट वीज मिळताना जागा होतो आणि अडकतो. रीसेट दाबेपर्यंत व्होल्टेज जागेवर आलेले असतात म्हणून दुसऱ्या वेळेला सगळं ठीक. साखळीला माझ्या मामेभावाचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, त्याचा पीसी रोज सकाळी पहिल्या बटणाला हेच करायचा, जवळच्या एका दुकानात त्याला नवीन बोर्डाचं कोटेशनसुद्धा मिळालं होतं, मी माझ्याकडचा चांगला सप्लाय नुसता बाहेरून जोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्रास बंद. बोर्ड तोच आहे अजून.

लाइट जाऊन आल्यावर मशीन दहा-पंधरा मिनिटं प्लगमध्ये ठेवल्याशिवाय सुरूच होत नसेल तर तेही सप्लायचंच लक्षण, स्टँडबायचे, म्हणजे पीसी बंद पण प्लगमध्ये असतानाचे ५ व्होल्ट देणारा भाग थकलाय. मल्टिमीटर असेल तर २४ पिनच्या कनेक्टरवर जांभळ्या वायरीला ५ व्होल्ट बघा, मशीन चालू असताना पिवळ्या वायरीला ११.४ ते १२.६, लाल वायरीला ४.७५ ते ५.२५, नारंगीला साधारण ३.१४ ते ३.४६. याच्या बाहेर आकडा गेला तर सप्लाय गेला. आत आला तरी तो निर्दोष सुटला असं नाही हं, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, भार पडल्यावरचे बारीक झटके त्यात दिसत नाहीत. म्हणून खरी चाचणी एकच, कुणाचा तरी चांगला सप्लाय एक-दोन दिवस उसना आणून लावणं. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात ते बघून सप्लाय ओके म्हणू नका. आणि सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज प्लग काढल्यावरही काही वेळ राहते.

मग रॅम. पावसाळ्यात रॅमची पट्टी काढून उजेडात तिरकी धरा, सोनेरी दातांवर निस्तेज असा पातळ थर दिसतो, कधी कडेला हिरवट ठिपका. खोडरबराने घासायची सवय सगळ्यांना आहे पण त्यावरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, त्यापेक्षा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न धागे सुटणारं कापड घ्या. एकाच पट्टीवर चालवून बघा, मग दुसरीवर, आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट आधी वापरा.

बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल स्वस्तात येतो, बोर्ड तीन-चार वर्षांचा असेल तर न विचारता बदला. गोव्यात मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की आपण मेन स्विच बंद करून ठेवतो, ते बरोबरच आहे, पण मशीन प्लगमध्ये असताना घड्याळ स्टँडबायवर चालतं आणि मेन बंद असला की सगळा भार त्या सेलवर, म्हणून आपल्याकडे तो लवकर बसतो. सेल बसला की बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची, सेटिंग उडतात, बूटची डिस्क बदलते, काही बोर्ड तर सेल असा अर्धमेला असताना धड सुरूच होत नाहीत.

एवढं करूनही तसंच राहिलं तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि ऑनबोर्ड डिस्प्ले, बस, बाकी यूएसबी, हार्डडिस्क, ग्राफिक कार्ड सगळं बाजूला. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल किंवा एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, नावात जी नसलेला रायझन असेल तर ऑनबोर्ड डिस्प्ले येणारच नाही, तिथे कार्ड लावावं लागेल, नाहीतर चांगल्या बोर्डाला मेलेला ठरवाल. पुठ्ठ्यावर नीट चालला तर कॅबिनेटमध्ये कुठेतरी स्टँडऑफ (बोर्डाखालचा स्क्रूचा छोटा खांब) बोर्डाला चुकीच्या जागी टेकतोय. आणि फक्त जून ते सप्टेंबर त्रास देणारा, अर्धा तास चालल्यावर शहाणा होणारा बोर्ड असेल तर आधी तो धुवून घ्या, म्हणजे अल्कोहोल आणि मऊ ब्रशने. धूळ, खार आणि ओल एकत्र आली की पिनांमधून बारीक वीज गळते, पालीची घाण किंवा मुंग्यांचं वारूळ असेल तर विचारूच नका, सॉकेटच्या मागच्या बाजूलाही बघा. पंख्याखाली एक दिवस पूर्ण वाळवून मगच वीज द्या.

आता बोर्डच खराब हे पक्कं झालं असं धरू.

रिपेर विरुद्ध दुसरा बोर्ड

रिपेर सगळ्यात स्वस्त वाटतो, पण तो नेमका कशाचा आहे यावर सगळं अवलंबून. तीन-चार बिघाड असे आहेत की ते व्यवस्थित दुरुस्त होतात आणि टिकतात. एक म्हणजे जुन्या पद्धतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, डोकं फुगलेलं, वर तपकिरी खपली आलेली. ते थंड असताना नीट काम करत नाहीत आणि गरम झाल्यावर चालतात, म्हणूनच सकाळचा पहिला बूट अडतो. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांत हे फार होतं, आताच्या बोर्डांवर बहुतेक सॉलिड पॉलिमर कपॅसिटर असतात आणि ते फुगून दिसत नाहीत, त्यामुळे नव्या बोर्डाला कुणी नुसतं बघून कपॅसिटर गेलाय म्हणालं तर विश्वास ठेवू नका, मोजून दाखव म्हणा. दुसरा बिघाड बायोस चिपचा, अपडेट करताना लाइट गेली की हमखास. ती आठ पायांची चिप काढून प्रोग्रॅमरवर परत भरता येते, काम छोटं, पैसे कमी आणि टिकाऊ. फक्त काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ व्होल्ट दिले की संपलं, तेव्हा स्वस्तातला सीएच३४१ए प्रोग्रॅमर घेऊन घरी प्रयोग करायचा मोह असेल तर आधी चिपचा नंबर बघा. तिसरा, प्रोसेसरजवळचा एखादा मॉसफेट (त्याला वीज पुरवणारा पार्ट) किंवा सुपर आयओ चिप (मशीन चालू-बंद, पंखे वगैरे सांभाळणारी). आणि चौथा, सॉकेटची वाकलेली पिन, ती भिंगाखाली शांत हाताने सरळ होते.

याउलट ज्या बोर्डाला नुसती गरम हवा मारून चालू केलाय, तो घेऊ नका. चिपसेटखालचे सोल्डरचे ठिपके तापवले की काही दिवस, कधी काही आठवडे बोर्ड चालतो आणि परत तीच कहाणी, पैसे मात्र एकदा गेलेले असतात. बोर्ड अनेक थरांचा असतो, आतल्या थरातली वायर तुटली असेल तर ती जोडणं फार अवघड. म्हणून दुकानात एवढंच विचारा: "भाऊ, नेमका कुठला पार्ट बदललात, जुना दाखवता का?" पार्ट हातात ठेवला तर पैसे द्या. "सर्व्हिसिंग केली" असं उत्तर आलं तर समजा. आणि डिलिव्हरी घेताना तिथल्या टेबलावर चालवून दाखवलेलं पुरत नाही, कारण तुमचा आजार थंड बोर्डाचा आहे, रात्रभर बंद ठेवून दोन-चार सकाळी बघायची मुदत मागून घ्या. माझा हिशोब असा की रिपेरचा आकडा त्याच सॉकेटच्या बोर्डाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला की रिपेर सोडून द्यावा. बोर्डाला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते, बिल शोधा, वॉरंटीत असेल तर सोल्डर लावू देऊ नका, एकदा लागला की कंपनी हात झटकते.

त्याच सॉकेटच्या बोर्डाचा फायदा हा की प्रोसेसर, रॅम, कूलर सगळं वापरात राहतं, आणि हे आता आधीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे कारण २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव प्रचंड चढलेत, घरातली १६ जीबी डीडीआर४ फेकून द्यायची वस्तू राहिलेली नाही. अडचण जुळण्याची आहे आणि इथे लोकांचे पैसे बुडतात. इंटेलच्या सॉकेटचं एलजीए ११५१ नाव एकच, पण एच११० किंवा बी२५० चिपसेटच्या बोर्डावर सहावी-सातवी पिढी चालते आणि एच३१०, बी३६० वर आठवी-नववी, एकीचा प्रोसेसर दुसरीवर बसतो पण बूट होत नाही. एलजीए १२०० मध्ये अकराव्या पिढीसाठी एच५१० किंवा बी५६० घ्या, एच४१०वर अवलंबून राहू नका. एलजीए १७००चे बोर्ड डीडीआर४चे वेगळे आणि डीडीआर५चे वेगळे येतात, खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. एएम४ला ऑफिसांत खूप दिसणारा रायझन ३ ३२००जी असेल तर बी४५० घ्या, बी५५०-ए५२० कागदोपत्री त्याला घेत नाहीत. आणि कुठलाही बोर्ड घ्या, कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी आणि कुठल्या बायोसपासून चालतो ते बघूनच पैसे द्या.

नवीन मिळत नसेल तर सेकंडहँड. पणजी-म्हापसा-मडगावात जुने बोर्ड मिळतात, पण साठा थोडा, म्हणून बरेच जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरियरने मागवतात. दोन्हीत फरक मोठा आहे, इथल्या दुकानात तुमचाच प्रोसेसर आणि रॅम नेऊन समोर चालवून घेता येतो आणि परत द्यायला एका बसचं अंतर, तिकडून स्वस्त पडतो पण येताना सॉकेटची पिन वाकली तर दोष कुणाचा यावर भांडण. मी दीडपट पैसे देऊनही इथला घेईन. सॉकेटचा फोटो जवळून मागवा, कपॅसिटरच्या डोक्यांचा मागवा, मागची आयओ शील्ड (पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी) आहे का विचारा. ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर हा मार्गच बहुधा बंद, त्यांचे सप्लायचे कनेक्टर आणि फ्रंट पॅनलच्या वायरी वेगळ्या असतात, तिथे त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला तरच.

अख्खा सेट कधी

डीडीआर३वाल्यांना, म्हणजे एच६१, एच८१ आणि त्यांच्या काळातले बोर्ड, नवीन बोर्ड आजही बाजारात मिळतो आणि स्वस्त दिसतो, म्हणून मोह होतो. पण त्यावरचा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बँकेचं, जीएसटीचं काम त्या मशीनवर होत असेल तर नवीन बोर्ड घालूनही तुम्ही तिथेच. फक्त टायपिंग किंवा लिनक्सवर चालवायचा असेल आणि स्वस्तात बोर्ड मिळत असेल तर ठीक, नाहीतर पैसे बाजूला ठेवून सेट घ्या.

सेटमध्ये सुद्धा दोन तऱ्हा. डीडीआर४ रॅम हातात असेल तर एलजीए १७००चा डीडीआर४ बोर्ड आणि आय३ १२१००सारखा प्रोसेसर, यात रॅमचा खर्च वाचतो आणि घर-दुकानाच्या कामाला तो भरपूर आहे. हातात काहीच नसेल, किंवा मशीन सहा-सात वर्षं चालवायचं असेल, तर एएमडीचं एएम५ सॉकेट, ते फक्त डीडीआर५ घेतं पण त्या सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा लावल्यावर रॅम ओळखायला काही मिनिटं काळा पडदा दाखवू शकतो, घाबरून बंद करू नका, नाहीतर ज्या आजारातून सुटलात तोच परत आला असं वाटेल. नवीन सेटवर जुना थकलेला सप्लाय मात्र लावू नका, एवढे पैसे घातलेत तर तिथे कंजूषी नको.

वेळेचंही बघा. दुसरा बोर्ड इथेच मिळाला तर एका दुपारचं काम, सेटचंही तेवढंच पण विंडोज आणि सॉफ्टवेअर परत घालण्यात अजून एक दिवस धरा. रिपेरला आठवडाही लागतो आणि पावसात पार्ट मागवायचा असला की त्याहून जास्त. दुकान त्या एका पीसीवर चालत असेल तर रिपेरचा विचारच करू नका, आधी दुसरा बोर्ड घाला आणि जुना सावकाश रिपेरला देऊन स्पेअर म्हणून ठेवा. घरचा दुसरा पीसी असेल, घाई नसेल, तर रिपेरला संधी द्यायला हरकत नाही. आणि बोर्ड पहिल्यांदा गेलाच कशामुळे ते बघितल्याशिवाय नवीन घालू नका, जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतो पण अर्थिंग नावापुरतंच, इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. वीज कडाडताना मेन बंद करता तेव्हा मॉडेमकडून येणारी लॅन केबलही काढा, सर्ज तिथूनही येतो आणि नुसता लॅन पोर्ट घेऊन जातो, कधी सगळा बोर्ड.

जुना बोर्ड काढताना एएम४ असेल तर आधी मशीन चालू करून थोडं तापू द्या, जेवढा चालेल तेवढा, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. विंडोज मशीनबरोबर आलेलं असेल तर ते लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, दुसऱ्या बोर्डावर परत ॲक्टिव्हेट होईल असं धरून चालू नका, तो खर्चही हिशोबात घ्या. आणि विंडोज ११मध्ये डिस्क बिटलॉकरने लॉक झालेली असू शकते, तुम्हाला पत्ता नसताना. बोर्ड बदलला, कधी नुसता बायोस अपडेट केला किंवा सेटिंग उडाली, तरी ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. मशीन ज्या दिवशी नीट सुरू होईल त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या आणि सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, कारण उद्या सकाळी तो सुरू होईल का हे या बोर्डाचं सांगता येत नाही.